राखून ठेवलेला गुडघा

संशय घेण्याचा मला तीस वर्षं पगार मिळत होता. मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटीला होते. पट्ट्यावरून गोळ्या सरकत यायच्या आणि आम्ही चौघीजणी दिव्याखाली बसून त्यातली टवका उडालेली, डाग पडलेली, रंग उतरलेली गोळी उचलून बाजूला टाकायचो. 'सगळं ठीकच असेल' असं म्हणणारी बाई आमच्या टेबलावर टिकत नसे. निवृत्त झाले तेव्हा पगार थांबला, सवय काही थांबली नाही. भाजीवाला वजन करतो तेव्हा मी आजही काट्याकडे बघत नाही, त्याच्या करंगळीकडे बघते.

तर अशा बाईचे दोन्ही गुडघे दुखायला लागले. आधी जिना उतरताना, मग चढताना, मग नुसतं खुर्चीतून उठताना. डावा जरा जास्त, उजवा जरा कमी. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि म्हणाले की झीज आहे, पण ऑपरेशनइतकी नाही, व्यायाम करा. मला ते पटलं नाही. एवढं दुखतंय आणि ऑपरेशन नको म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होते.

दुखणं माझं एकटीचं असतं तर मी कुरकुरत सोसलं असतं. पण घाटकोपरला आमच्या पलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, माझी आई राहते. इमारतीला लिफ्ट नाही. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी परळची जागा सोडून ही खोली घेतली, ते गेले, आई राहिली. शहाऐंशी वर्षांची आहे. लेकीच्या घरी जाऊन राहायचं नाही हा तिचा जुना हट्ट, आणि परक्या बाईचा हात अंगाला लावून घ्यायचा नाही हा नवा. आम्ही तीन आया ठेवून पाहिल्या. पहिलीने बांगडी बदलली, दुसरी चहात काहीतरी घालते, तिसरीची नजर चांगली नाही, असं म्हणून आईने तिघींनाही महिन्याच्या आत घालवलं. बांगडी तीच होती, मी स्वतः तपासली. पण संशय आमच्या घराण्याचं वतनच आहे, मी तिला काय बोलणार?

त्यामुळे आईची आंघोळ माझ्याकडे. रोज सकाळी तीन मजले चढायचे, तिला धरून मोरीत न्यायचं, पाटावर बसवायचं, आंघोळ घालायची आणि पाटावरून उचलून उभं करायचं. खुर्चीवर बसून आंघोळ करायला ती तयार नाही, म्हणते खुर्चीवर बसून आंघोळ आजारी माणसं करतात. उचलताना ती दोन्ही हात माझ्या मानेत घालते आणि अंग सैल सोडते. एवढ्या आयुष्यात तिने असं अंग दुसऱ्या कुणावर टाकलेलं मी पाहिलेलं नाही. गुडघे गेले तर हे जाणार होतं, आणि आई कांदिवलीला भावाकडे जाणार होती.

भाऊ तेच म्हणत होता. "ताई, तू किती दिवस चढणारेस? आईला माझ्याकडे दे ना. लिफ्ट आहे, सगळं आहे." धाकटा आहे, आवाज गोड आहे. आईची इमारत रिडेव्हलपमेंटला जायची चर्चा नुकतीच सुरू झाली होती, आणि नेमकं तेव्हाच त्याला आईचं प्रेम कसं आलं, हे मी मनात नोंदवून ठेवलं. त्यातून त्यानेच मला फिजिओथेरपिस्टचा नंबर पाठवला. माझा गुडघा कामातून गेलाय असा कागद कुणाकडून तरी मिळवायचा असणार, असं मला वाटलं. गेले ते त्याचा डाव बघायला म्हणूनच गेले.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे पंचविशीची मुलगी. दवाखाना स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर. गुडघेदुखीचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, हेही मी नोंदवलं. तिने मला एका पायरीवर उभं केलं, समोर आरसा ठेवला आणि एकेक पाय हळू खाली टेकवायला सांगितला. मग गुडघ्याला बोटसुद्धा न लावता तिने मला कुशीवर झोपवलं, वरचा पाय उचलायला लावला आणि त्यावर तळवा ठेवून म्हणाली, "काकू, मी खाली ढकलते, तुम्ही ढकलू द्यायचं नाही." पाय धपकन खाली आला. दुसऱ्या कुशीवर तेच झालं.

"गुडघ्याचा दोष कमी आहे," ती म्हणाली. "तुमचे खुब्याचे स्नायू झोपलेत. त्यामुळे पायरी उतरताना मांडी आत वळते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. आरशात दिसलं ना? आपण खुबा मजबूत करायचा. गुडघा आपोआप शांत होईल."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला! गुडघा दाखवायला गेलेल्या बाईचा खुबा नादुरुस्त निघाला. हाताने ढकलायचं आणि कमजोर म्हणायचं, त्याला मोजमाप कुठलं? ज्योतिषीसुद्धा आधी घरात दोष काढतो आणि मग शांत करायला सांगतो. मी विचारलं, "मग गुडघ्याला काहीच नाही करायचं?" ती हसली. "करायचंय. पण सुरुवात वरून."

तिने व्यायाम दाखवले. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा. कुशीवरच गुडघे दुमडून, टाचा जुळलेल्या ठेवून, वरचा गुडघा उघडायचा, म्हणजे गरम पाण्यात तिसऱ्यांचे शिंपले उघडतात तसा. उताणं झोपून कंबर उचलायची, एकेका पायावर. मांडीभोवती हिरवा रबरी पट्टा घालून आडवं चालायचं. रोज, दोन्ही बाजूंनी. सोबत तिने एक छापील कागद दिला. त्यावर चौकोन होते, डाव्याचे वेगळे, उजव्याचे वेगळे. व्यायाम झाला की टिक करायची आणि पंधरा दिवसांनी कागद घेऊन यायचं.

घरी येऊन मी त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसले. चौकोन बघितले की माझं डोकं कारखान्याच्या रुळावरून धावायला लागतं. आमच्याकडे प्रत्येक घाण्यातल्या, म्हणजे बॅचमधल्या, काही गोळ्या सीलबंद करून कपाटात ठेवायचे. त्यांना कुणी हात लावायचा नाही. उद्या बाजारातून तक्रार आली, तर त्या काढून शेजारी ठेवायच्या आणि ताडून बघायच्या. कंट्रोल सॅम्पल म्हणायचो आम्ही त्याला. राखून ठेवलेला नमुना. नमुना नसेल तर तुम्ही काय वाटेल ते सांगाल आणि आम्ही मान डोलावू.

मला दोन गुडघे होते. दोन्ही दुखणारे. देवाने प्रयोगाची सोयच करून ठेवली होती.

मी ठरवलं की व्यायाम फक्त डाव्या बाजूचा करायचा. उजवा राखून ठेवायचा. डावा जास्त दुखत होता, म्हणजे तो उजव्यापेक्षा बरा झाला तर मुलगी खरी. दोन्ही होते तसेच राहिले तर मुलगी खोटी, भाऊ खोटा, आणि मी दोघांना तोंडावर सांगायला मोकळी. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी स्वतःसाठी एक कप चहा जास्त केला.

दुसऱ्या दिवसापासून मी उजव्या कुशीवर झोपून डावा पाय उचलायला लागले. नवऱ्याने चार दिवस पाहिलं आणि पेपरातून तोंड बाहेर काढून विचारलं, "दुसरा पाय उपाशी का?" मी म्हटलं, "डॉक्टरणीनेच सांगितलंय." हे पहिलं खोटं. दुसरं त्याहून वाईट होतं. पंधरा दिवसांनी कागद दाखवायचा होता. उजव्याचे चौकोन कोरे ठेवले असते तर प्रयोग फुटला असता. मी पेन घेतलं आणि उजव्याचे सगळे चौकोन भरून टाकले.

हे लिहिताना आजही हात अडखळतो. कारण न तपासता टिक करणं हे आमच्या टेबलावरचं सगळ्यात मोठं पाप होतं. एकदा माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईने पोराला ताप आहे म्हणून घाईत, न बघता अर्ध्या पानाच्या टिका एकदम केल्या. मी ते बघितलं आणि वर कळवलं. तिला टेबलावरून काढून खोकी भरायला पाठवलं. पुढे ती माझ्याशी कधी बोलली नाही, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. मी तेव्हा म्हणाले होते की टिक म्हणजे शपथ असते.

पाच-सहा आठवडे गेले. आधी काहीच होईना, त्याचंच मला समाधान वाटलं. मग एके दिवशी आईकडून जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर मी थांबले. काहीतरी चुकत होतं. डाव्या पायाने पायरी घेतली की नेहमीची कळ येत नव्हती. मी परत वर चढून पुन्हा उतरले. मग कठड्याला न धरता उतरले. डावा गप्प होता. उजव्याने मात्र दर पायरीला आपली हजेरी लावली.

मी खूश व्हायला हवं होतं. मला राग आला. तीस वर्षांत मी माल नापास केला की बरोबर ठरायचे. इथे मालच पास झाला होता. मग मनाने दुसरा डाव टाकला. आठवडाभराने काय होतं, माल टिकला पाहिजे, आमच्याकडे नमुने वर्षानुवर्षं ठेवायचे. अजून थोडे दिवस बघू. उजवा अजून थोडा राखू.

त्या मुलीकडे गेले तेव्हा तिने पुन्हा तळव्याने पाय ढकलून पाहिला. डावा जागचा हलला नाही. उजवा धपकन पडला. तिने माझा कागद हातात घेतला, दोन्हीकडच्या टिका बघितल्या, आणि तिचा चेहरा उतरला. "दोन्हीकडे सारखंच करताय ना काकू?" मी म्हटलं, "कागद आहे ना समोर." तिने उजव्याचे व्यायाम बदलले. पुढच्या वेळी पुन्हा बदलले. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाली, "उजव्याला कदाचित वेगळं काहीतरी असेल. एमआरआय काढून बघू या का?" आणि मी मनात म्हटलं, आली लाइनवर, एमआरआयचं कमिशन! म्हणजे इतके दिवस मी तिला जे खोटं खाऊ घालत होते, तेच पचवून ती मला उत्तर देत होती, आणि मी त्यातही तिचीच लबाडी शोधत होते.

मग तो सोमवार आला. आईची आंघोळ झाली होती. तिला टॉवेल गुंडाळून मी उचलायला वाकले. आमच्या आईच्या मोरीत डाव्या बाजूला नळ आणि बादली, त्यामुळे उचलताना सगळा भार उजव्या पायावर घ्यावा लागतो. वर्षानुवर्षं मी तिला उजव्याच पायावर उचलत आले होते. प्रयोग आखताना ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नाही. तिने मानेत हात घातले, अंग सैल सोडलं, मी जोर लावला, आणि अर्ध्यात उजवा गुडघा आत वळून मुडपला.

आपटलो नाही. भिंतीला घासत, सावकाश, दोघी खाली आलो. आई माझ्या मांडीवर आणि मी ओल्या लादीवर. आईच्या मनगटाला मुका मार लागला, एवढ्यावर निभावलं. पण उठता येईना. मी शेजारणीला हाका मारत राहिले, तिच्याकडे मिक्सर चालू होता. आई माझ्या मांडीवर बसून थरथरत होती. तिला भीती वाटत होती आणि मला तिच्यापेक्षा जास्त.

"तू येयाम करत होतंस ना गो?" तिने विचारलं. घाबरली तरी तिची मालवणी धारदारच होती. "मगे?"

तिच्यापुढे खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. मी सांगून टाकलं. एकाच पायाचा करत होते, दुसरा मुद्दाम ठेवला होता, मुलगी खरी की खोटी बघायला.

मिक्सर थांबला, पुन्हा चालू झाला. मग आई म्हणाली, "म्हंजे इतके दिस तू माका मोडक्या पायार उचलत होतंस? आणि माका सांगूक नाय?"

मला रडू कोसळलं. तीस वर्षं मी कुठली गोळी लोकांच्या पोटात जाता कामा नये ते बघत बसले, आणि माझी आई मी रोज नापास मालावर तोलत होते. शेजारीण आली तेव्हा दोघींपैकी आधी कुणाला उठवायचं ते तिला कळेना.

संध्याकाळी भाऊ आला. त्याने आणि शेजारणीच्या नवऱ्याने आईला खुर्चीत बसवून, खुर्ची धरून, तीन मजले उतरवलं. प्रत्येक वळणावर आई म्हणत होती, "सांभाळ रे, सांभाळ." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. खोलीचं कुलूप मी लावलं. भावाने चावीही मागितली नाही. खोलीचा विषय त्याने आजवर काढलेला नाही. मी अजून वाट बघते आहे.

दोन दिवसांनी मी लंगडत दवाखान्यात गेले आणि त्या मुलीला सगळं सांगितलं. नमुन्याचंही आणि टिकांचंही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी माझ्या सरांना जाऊन विचारलं काकू. माझंच काहीतरी चुकतंय असं वाटत होतं मला." मला लाज वाटली. खोकी भरायला गेलेली ती बाई आठवली. मी त्या मुलीची माफी मागितली. मोठ्या माणसाने माफी मागितल्यावर पोरं संकोचतात तशी ती संकोचली, आणि ड्रॉवरमधून नवीन कागद काढता काढता म्हणाली, "पण काकू, सॅम्पल कपाटात ठेवतात म्हणालात ना? तुम्ही तर ते जिन्यावर ठेवलंत. रोज तीन मजले." तीस वर्षांच्या अनुभवाला त्या पोरीने एका वाक्यात नापास केलं.

त्यानंतरचे तीन महिने मी दोन्ही कुशींवर झोपले. केल्याशिवाय एकही टिक केली नाही. एक दिवस ताप होता, तो चौकोन कोरा आहे. उजवा हट्टी निघाला, डाव्याला सहा आठवडे लागले, त्याने दहा घेतले. आई सुरुवातीला फोनवर येत नसे. मग यायला लागली, पण एवढंच विचारायची, "करतंस?" मी म्हणायची, "करते." त्यावर ती "हं" म्हणायची. तो 'हं' मला चांगला ओळखीचा होता. गोळी पट्ट्यावरून जाऊ देताना मीही असाच आवाज काढायचे, जेव्हा खोट सापडत नसे पण खात्रीही वाटत नसे.

भावाने तिच्यासाठी आया ठेवली होती. आईने तिला अंगाला हात लावू दिला नाही, वहिनीलाही नाही. ओल्या फडक्याने स्वतःच अंग पुसून घ्यायची. भावाने हे मला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज गोड नव्हता, रडवेला होता. मी त्यात काही शोधलं नाही.

मागच्या महिन्यात मी अंधेरीला मेट्रो बदलून कांदिवलीला गेले. स्टेशनचा जिना चढून गेले, सरकता होता तरी. आई हॉलमधल्या पलंगाच्या काठावर बसली होती, आधीपेक्षा लहान दिसत होती. मी म्हटलं, "चल आई, घरी." ती उठली नाही.

"आधी माका दाखय," ती म्हणाली. "उजव्या पायार उभी रव."

भाऊ हसायला लागला. मी हसले नाही. चपला बाजूला केल्या आणि भावाच्या हॉलमध्ये, कशालाही न धरता, उजव्या पायावर उभी राहिले. आई मोजायला लागली. एक. दोन. तीन. तिने मुद्दाम हळू मोजलं असा माझा आजही संशय आहे. खुब्याला रग लागली, पण गुडघा जागचा हलला नाही. आईची नजर माझ्या तोंडावर नव्हती, गुडघ्यावर होती. वीस झाल्यावर मी पाय टेकला.

"आता डावो," ती म्हणाली.

"अगं, डावा तर आधीच बरा झालाय."

"एकाच पायार इश्वास ठेवून काय होता ता बघलंय मी."

मी डाव्यावर उभी राहिले. तिने पुन्हा वीस मोजले, तितकेच हळू. मग दोन्ही हात उचलून माझ्या मानेत घातले, आणि अंग सैल सोडलं.